शेताच्या पलीकडचा

कुवेतमधल्या आमच्या महबूल्याच्या फ्लॅटमध्ये डाळ करपायची ती एका शब्दापायी. चौघांत स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या होत्या आणि सोमवार-गुरुवार फादरांकडे होते. डाळीला फोडणी पडली की त्यांना तो शब्द आठवायचा. मग पळी हातात घेऊन ते हॉलच्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि तिकडे पातेल्याच्या बुडाला डाळ लागायची.

"पेरेग्रीनुस," ते म्हणायचे. "पुल्लिंगी पेरेग्रीनुस, स्त्रीलिंगी पेरेग्रीना, नपुंसकलिंगी पेरेग्रीनुम. लॅटिनमधलं विशेषण. अर्थ काय?"

अर्थ आम्हा सगळ्यांना पाठ होता. पण तो सांगायचा मान त्यांचा, म्हणून आम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून गप्प बसायचो.

"पेर म्हणजे ओलांडून. आगेर म्हणजे शेत. शेत ओलांडून जो गेला तो. आपल्या बांधाच्या पलीकडचा. आणि हे आगेर आलं कुठून? तुमच्या वेदात अज्र आहे. अज्र म्हणजे शेतजमीनच. वेद तुमचे, आणि सांगायला मी लागतो."

यातलं शेवटचं वाक्य मला उद्देशून असे. एवढ्यात स्वयंपाकघरातून खेडचे चाचा ओरडायचे, "फादर, पलीकडच्याची डाळ करपली वो." चाचा जवळच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गल्ल्यावर बसत. फ्लॅटमध्ये सगळ्यात जुने ते आणि फादर. चौथा एसी मेकॅनिक होता, तो दर दोन वर्षांनी बदलायचा.

फादर खरे फादर नव्हते. वसईकडचे, वाडीवाले, केळी आणि विड्याची पानं पिकवणाऱ्या घरातले. लहानपणी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूंनी त्यांना लॅटिनची गोडी लावली आणि मग गुरुदीक्षेला आठ महिने उरले असताना हा माणूस ट्रंक उचलून घरी परतला. का, ते धड कळलं नाही. एकदा म्हणाले, गाण्याचा आवाज बरा नव्हता. एकदा म्हणाले, वडील झाडावरून पडले होते आणि केळी पाणी मागत होती. ना पदवी, ना पद, अशा अवस्थेत ते कुवेतला आले आणि पक्ष्यांच्या दवाखान्यात कारकून झाले. पक्षी म्हणजे ससाणे. इथले शौकीन लोक मुलासारखे ससाणे पाळतात आणि त्यांच्या नखाला काही झालं तरी गाडी काढून दवाखान्यात आणतात.

लग्न त्यांनी केलं नाही. खाटही घेतली नाही. पंचवीस वर्षं जमिनीवर गादी टाकून झोपले. मेकॅनिक बदलताना प्रत्येक वेळी एक खाट रिकामी व्हायची, मी म्हणायचो, फादर, घ्या ही. ते म्हणायचे, "पेरेग्रीनुसाला खाट नसते. खाट घेतली की माणूस राहायला आला असं होतं."

मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. मी घाईतला माणूस. मिरकाबच्या एका ऑफिसात कागदपत्रांचं काम करतो: इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, व्हिसे, बताके म्हणजे ओळखपत्रं, करार. दिवसाला चाळीस कागद हाताखालून जातात, त्यातला एकही मी पूर्ण वाचत नाही. आणि हा माणूस खोकल्याच्या औषधाची घडी उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. सही करायची म्हटलं की संपलंच. फहाहीलला एकदा सिमकार्ड घ्यायला त्यांच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या पोराने फॉर्म पुढे केला, बोटाने दाखवलं, इथे सही. फादरांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली. मागे रांग वाढत गेली. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, गृहस्थ देवाचं नाव घेऊ लागला. फादर सातव्या कलमावर थांबले आणि त्या पोराला म्हणाले, "या शब्दाचे दोन अर्थ होतात. तुमच्या कंपनीला कुठला अभिप्रेत आहे?" त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर कुठे जायचं टाळू लागलो.

एकदा मात्र त्यांच्या दवाखान्यात गेलो होतो, कसल्या तरी शिक्क्यासाठी. थंडीचे दिवस होते, शिकारीचा हंगाम. लाकडी ठोकळ्यांवर आठ-दहा ससाणे ओळीने बसवलेले, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. फादरांच्या टेबलावर पासपोर्टांची चळत होती. ससाण्यांचे पासपोर्ट. पक्षी परदेशी न्यायचा तर त्यालाही लागतो. त्यातला एक उघडून त्यांनी माझ्यासमोर धरला. पक्ष्याच्या नावाच्या रकान्यात त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, फाल्को पेरेग्रीनुस.

"हा बहिरी ससाणा," ते म्हणाले. "याची घरटी उंच कड्यावर, तिथे माणसाचा हात पोचायचा नाही. म्हणून जुने लोक याला प्रवासात धरायचे. पिल्लू पहिल्यांदा घर सोडून निघालं की वाटेत जाळं. म्हणून नाव पडलं पेरेग्रीनुस. वाटेत सापडलेला." मग टोपी घातलेल्या एका पक्ष्याच्या पाठीवरून त्यांनी दोन बोटं फिरवली. "याचा पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये, आणि माझा मालकाच्या." ते हसले. मी घड्याळ बघितलं, शिक्का घेतला आणि निघालो.

शब्दाचा इतिहास ते तुकड्यातुकड्याने सांगत. रोमन कायद्यात पेरेग्रीनुस म्हणजे गुलाम नाही आणि नागरिकही नाही असा माणूस. त्याच्या भांडणतंट्यांसाठी न्यायाधीशही वेगळा. "बघ, दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा आपलं, परक्यांचं, टेबल वेगळं होतं," ते म्हणायचे, आणि इकाम्याच्या रांगेत उभं राहिलं की मला ते पटायचंही. पुढे लोक देवदर्शनाला रोमला पायी येऊ लागले, तेही परकेच. लोकांच्या तोंडी एका र चा ल झाला आणि परका होता तो पिलग्रिम, म्हणजे यात्रेकरू, झाला. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. परका माणूस चालत राहिला तर पवित्र होतो, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. एकदा चाचांनी विचारलं, "आणि यात्रेकरू घरी परत गेल्यावर त्याला काय म्हणायचा?" फादर म्हणाले, "तेव्हा विशेषण गळून पडतं. नुसतं नाव राहतं."

त्यांच्या मनात घर म्हणजे ती वाडी होती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी तिचा नकाशा काढून गादीच्या उशाला लावला होता. पूर्वेला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. तळ्याकाठी आईने लावलेला सोनचाफा. मग केळीच्या ओळी, पानवेलींचा मांडव, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक छोटा चौकोन. तिथे दोन खोल्यांचं घर बांधायचं, पडवी तळ्याच्या बाजूला. साठी झाली की जायचं आणि गावातल्या मुलांना फुकट लॅटिन शिकवायचं. मी म्हणालो, कोण शिकणार आहे? ते म्हणाले, "चार तरी निघतील. मला चार पुरे." चौकोन ते मधूनमधून खोडून थोडा इकडे-तिकडे सरकवायचे. रबराने तिथला कागद पातळ झाला होता.

फ्लॅटमधून कोणी कायमचा घरी निघाला की शुक्रवारी सकाळी त्याचं कार्टन बांधायचं, ही आमच्याकडची रीत. ब्लँकेट, दूध पावडर, पिस्ते, साबण, बाम, सगळं दाबून भरायचं, चिकटपट्टी लावायची, वरून पांढऱ्या दोरीचे वेढे. मग कार्टनच्या सहाही बाजूंना काळ्या मार्करने नाव, गाव आणि फोन. आणि एक नियम असा की आपल्या कार्टनवर आपण लिहायचं नाही, दुसऱ्याने लिहायचं. का, कोणाला ठाऊक नाही, पण सगळे पाळायचे. लिहायचे नेहमी फादरच. खाली बसून, जीभ दातांत धरून, सेमिनरीत घोटलेल्या त्या अक्षरात ते गुहागर, लांजा, म्हसळा असं लिहीत. लोक म्हणत, फादरांच्या अक्षरातलं कार्टन हरवत नाही. आजूबाजूच्या इमारतींतूनही बोलावणी येत.

मग त्यांचे वडील गेले. जाता आलं नाही, हंगाम होता. महिन्याभराने धाकट्या भावाचा फोन आला. फादर त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलत, आम्हाला अर्धं कळायचं. सातबारावर वारसांची नावं लावायची आहेत, तुला येता येत नसेल तर मुखत्यारपत्र पाठव, असा निरोप होता. फादर माझ्याकडे आले. "हे तुझं क्षेत्र. तू करून देशील?"

माझ्या कॉम्प्युटरमध्ये दोन नमुने होते. एक फक्त वारसनोंदीपुरता. दुसरा सर्वसाधारण, सगळे अधिकार देणारा. मी म्हटलं, "जनरल करू या, फादर. उद्या तलाठ्याने आणखी काही मागितलं तर परत अर्धा दिवस सुट्टी काढा, परत रांग लावा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे." ते बरं म्हणाले. चार पानं छापली.

सही भारतीय दूतावासात, अधिकाऱ्यासमोर करायची असते. आम्ही गेलो तेव्हा रांग बऱ्यापैकी होती. माझ्या ऑफिसच्या मालकाच्या भावाचे कागद मला बाराच्या आत दुसरीकडे पोचवायचे होते. आमचा नंबर लागला. फादरांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर ते थांबले. बराच वेळ थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि एकदम चष्मा मिटून सही केली. मला हायसं वाटलं. हा माणूस शेवटी व्यवहार शिकला, असं मनात आलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी ते दोन महिन्यांची रजा घेऊन निघाले. घराचं जोतं घालून येतो म्हणाले. गवंड्याला द्यायला म्हणून नकाशा भिंतीवरून उतरवून गुंडाळून घेतला. भावाच्या मुलांसाठी चॉकलेटं, भावजयीसाठी अत्तर. चाचांनी विमानतळावर सोडलं.

दहाव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर फादर. तीच बॅग, नकाशाची तीच गुंडाळी. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "आज सोमवार ना? माझी पाळी." आणि स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी डाळ करपली नाही. फोडणीच्या वेळी ते दाराशी आलेच नाहीत.

चार दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, तांदूळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं. बावखल बुजवलं होतं. वाडीवर चार मजली इमारत उभी होती, लोक राहायलाही आले होते, बाल्कन्यांत कपडे वाळत होते. भावाने तळमजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये काचेच्या टेबलावर चहा दिला. म्हणाला, दादा, तू तर तिकडचाच झालास, तुला जमीन कशाला? आलास की वरच्या खोलीत राहत जा, कोण नको म्हणतंय?

"आणि तो चाफा?" चाचांनी विचारलं.

"तिथे गाड्या लावतात," फादर म्हणाले. मग ताटातला एक खडा बाजूला काढून म्हणाले, "माझंच चुकलं. पलीकडचा म्हणायला अलीकडे शेत पाहिजे. शेत होतं तोवर मी पेरेग्रीनुस होतो. आता नुसताच आहे."

चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून बाल्कनीत गेलो. मला तो सर्वसाधारण नमुना दिसत होता, त्याचं फाइलमधलं नावसुद्धा. आणि एक गोष्ट दिसत होती जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्यांच्या मुखत्यारपत्राच्या सहा महिने आधीच माझे वडील गेले होते, आणि माझ्याही घरी वारसनोंद करायची होती. चुलते म्हणाले, कागद पाठव, आम्ही बघतो. मी पाठवला नाही. बिनपगारी रजा टाकून संगमेश्वरला गेलो, आठ दिवस तलाठ्याच्या दारात बसलो आणि स्वतःच्या हाताने नोंद करून आलो. जमिनीच्या कागदावर दुसऱ्याची सही नको, हे मला ठाऊक होतं. माझ्या जमिनीसाठी मी आठ दिवस दिले. त्यांच्या वाडीसाठी अर्धा दिवस मला जड झाला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. तीन वर्षं बोललो नाही.

फादर त्यानंतर वाईट वागले असते तर बरं झालं असतं. ते फक्त गप्प झाले. औषधांच्या घड्या न वाचता टाकून देऊ लागले. दवाखान्याचे कागद आले की दाखवतील तिथे सही करायचे. मीच एकदा म्हटलं, वाचा तरी. ते म्हणाले, "कशाला?" कार्टनं लिहायला बोलावणं आलं तर जायचे, पण अक्षर आता कुठल्याही माणसाचं असावं तसं येऊ लागलं. एका गुरुवारी चाचा मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "फादर, ता पेरेगिरीचा सांगा ना परत. लई दिवस झाले." फादर डाळ ढवळत राहिले. "सांगून झालं, चाचा," एवढंच म्हणाले.

नकाशाची गुंडाळी त्यांनी उघडली नाही. उशाशी भिंतीवर कॅलेंडरच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन तेवढा राहिला, बाकी भिंत मळलेली.

मागच्या वर्षी दवाखाना दुसऱ्याने घेतला. नव्या मालकाला तरुण माणूस हवा होता. साठी उलटलेल्या, पदवी नसलेल्या माणसाचा इकामा दुसरीकडे वळवणं किती अवघड असतं ते माझ्याहून चांगलं कोणाला माहीत. मी मिरकाबमधल्या सगळ्या ओळखी वापरल्या, पहिल्यांदाच कुणासाठी घड्याळ न बघता खेटे घातले. झालं नाही. खरूजचा कागद, देश सोडण्याचा, शेवटी मीच छापला. कुठे जाणार, असं विचारलं की म्हणत, "बघू. भावाकडे खोली आहे म्हणतो तो. मुंबईत एक-दोघं आहेत."

शुक्रवारी सकाळी आम्ही त्यांचं कार्टन बांधायला बसलो. फार काही नव्हतंच. कपडे, प्रार्थनेचं पुस्तक, लॅटिनचा जाडजूड कोश, ती गुंडाळी. आणि त्यावर एक नवं ब्लँकेट आणि पिस्त्यांची पिशवी. मी बघत राहिलो. "भावाच्या घरी द्यायला," ते म्हणाले. "रिकाम्या हाताने कसं जायचं?"

चाचा चहा करायला आत गेले होते. मी दोरी ओढून धरली होती आणि एकाएकी माझ्या तोंडून निघालं, "फादर, तो कागद जनरल मी केला. नुसत्या नोंदीचाही नमुना माझ्याकडे होता. मी तुम्हाला दाखवलाच नाही."

त्यांनी चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, तिची सुरकुती काढली. "माहीत आहे. तिसऱ्या पानावर होतं. विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे. वाचलं मी."

"वाचलंत? मग सही का केलीत?"

त्यांनी चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा दातांनी तोडून लावला. मग म्हणाले, "विचारणार होतो तुला. मान वर केली तर तू घड्याळ बघत होतास. त्याआधीही दोनदा बघितलं होतंस. दुकानदाराला मी तासभर थांबवीन रे. आपल्या माणसाला थांबवणं मला जमत नाही."

त्यांच्या आवाजात राग शोधला मी. असता तर आधार वाटला असता. त्यांचे पाय धरायला हवे होते, निदान रडायला तरी हवं होतं. मी दोरीची गाठ मारली आणि वर आणखी एक मारली.

मार्कर त्यांनी माझ्या हातात दिला. "आपलं आपण लिहायचं नाही," ते म्हणाले. माझं अक्षर कोंबडीचे पाय. सहाही बाजूंना त्यांचं नाव लिहिलं. मग विचारलं, "पत्ता?"

"वाडीचाच."

"फादर, तिथे आता..."

"वाडीचाच लिही. जुने लोक आहेत अजून, सांगतील."

मी वाडीचा पत्ता लिहिला. सहा वेळा लिहिला. कार्टन कार्गोवाल्याने नेलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. गादी त्यांनी स्वतःच गुंडाळून भिंतीला लावून ठेवली होती.

त्यांचा फोन पंधरा दिवस वाजत होता, मग बंद झाला. चाचांच्या ओळखीचा एक जण वसईला जाऊन आला. भाऊ म्हणाला, आला होता, एक रात्र राहिला, ब्लँकेट कार्गोने येतंय म्हणाला आणि सकाळी निघून गेला. कुठे, ते त्याने विचारलं नव्हतं. कोणी नाशिककडच्या वृद्धाश्रमाचं नाव घेतलं, मी फोन केला, तिथे नव्हते. आणखी तीन ठिकाणी केला. शेवटी फोन करायला ठिकाणं उरली नाहीत.

दोन महिन्यांनी कार्गोवाल्याचा फोन आला. पाठवणारा म्हणून माझा नंबर होता. "साहब, ऐसा कोई वाडी नहीं है वहाँ. बिल्डिंग है, वॉचमन बोलता है इस नाम का कोई नहीं. दूसरा पता दो, नहीं तो गोदाम में पड़ा रहेगा." मी त्याला माझ्या गावचा पत्ता दिला.

परवा सकाळी बायकोने व्हिडिओ कॉल केला. कार्टन आमच्या ओटीवर येऊन पडलं होतं. तिने मोबाइल त्याच्याभोवती फिरवला, तर सगळीकडे माझं ते वाकडं अक्षर.

"पत्ता तर वसईचा दिसतोय, मग आपल्याकडे कसं काय?" तिने विचारलं. "कोणाचं आहे हे?"

"फादरांचं."

"उघडून बघू का?"

"नको. वर माळ्यावर ठेव, ओल लागणार नाही असं. येतील न्यायला."

"कधी येणार आहेत?"

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "ऑफिसला उशीर होतोय गं, ठेवतो."